बायका नोकरीपेक्षा स्वतःचं काहीतरी का बघतात? थोडे आकडे, थोडं आमच्या पेठेतलं

फॉर्म भरताना "व्यवसाय" असा एक रकाना येतो ना, तिथं माझं पेन दर दोन दिवसांनी अडतं. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरातूनच लोकांचे हिशोब लिहिते, रिटर्न भरते, उद्यम रजिस्ट्रेशन (म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), मुद्रा लोनचे कागद असलं सगळं करते, आणि येणाऱ्यांत निम्म्या तरी बायका असतात. परवा एक वहिनी आल्या, म्हणलं व्यवसाय काय घालू, तर म्हणाल्या "मी कुठं काय करतो, घरातच असतो की, गृहिणी घाल." ह्या बाई रोज सकाळी नऊच्या आत बावीस डबे बाहेर काढतात. (कोल्हापुरात बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, बाहेरच्यांना लई गंमत वाटते. मी पण तशीच बोलते, फक्त टाइप करताना शाळेतल्या मराठीच्या बाई डोळ्यासमोर येतात.)

तर प्रश्न हा की ह्या वहिनींसारख्या बायका नोकरी सोडून, किंवा नोकरीच्या वाटेला न जाता, स्वतःचं काहीतरी का काढतात. ह्याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे हौस, आवड, "स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं", हे महिला दिनाच्या भाषणात असतं. दुसरं मजबुरी, घरात भागत नाही. दोन्ही खरी आहेत पण अर्धीच. एवढे कागद बघून माझं मत असं झालंय की बाई जास्त पैसे मिळतात म्हणून धंद्यात क्वचित येते, घड्याळ आपल्या हातात येईल म्हणून येते, आणि त्या घड्याळाची किंमत ती स्वतःच भरते जी कुठल्याच वहीत लिहिलेली नसते.

आधी आकडे बघू, कारण आकड्यातच एक मोठी गफलत लपलेली आहे. केंद्र सरकारचा पीएलएफएस म्हणून रोजगाराचा सर्व्हे असतो. त्यात २०१७-१८ ला पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, २०२३-२४ ला हाच आकडा ४१.७ टक्के झाला. उडी केवढी बघा. आणि ज्या काम करतात त्यातल्या ६७.४ टक्के "स्वयंरोजगार" मध्ये, सहा वर्षांपूर्वी ह्या ५१.९ टक्के होत्या. महिन्याच्या पगारावर असणाऱ्यांचा वाटा मात्र २१ टक्क्यांवरून १५.९ वर आला. म्हणजे वाढ झाली ती बहुतेक स्वतःच्या कामातच झाली. हे वाचून कुणीही म्हणेल वा, तीनातल्या दोन बायका उद्योजिका झाल्या की.

थांबा जरा. सर्व्हेत स्वयंरोजगार ह्या एका पिशवीत तीन प्रकारची माणसं भरलेली असतात. एक, जी धंदा चालवते आणि हाताखाली पगारी माणसं ठेवते. दोन, जी एकटीच किंवा घरच्यांना धरून धंदा चालवते. तीन, जी घरच्याच शेतात, दुकानात, गोठ्यात राबते पण तिला पगार नाही, मदतनीस. आणि शंभर कामकरी बायकांतल्या त्या ६७.४ जणींपैकी ३६.७ जणी ह्या तिसऱ्या प्रकारच्या आहेत. निम्म्याहून जास्त!

हे कसं असतं ते बघायला लांब जायला नको. करवीर, कागल, भुदरगडच्या कुठल्याही गावात पहाटे जा. शेण काढायला कोण उठतं, वैरण कोण आणतं, धार कोण काढतं? घरातली बाईच. म्हैस तिला एवढी ओळखते की मालक, म्हणजे तिचा नवरा, धारेला बसले तर पान्हा सोडत नाही. गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे, गावोगाव दूध संस्था आहेत, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं आणि त्याच्यावर जिल्ह्यातली किती घरं चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण संस्थेत सभासद म्हणून नाव बऱ्याच घरात मालकांचं. सर्व्हेवाला आला तर मालक स्वयंरोजगारी आणि ती मदतनीस. म्हैस तिची, पासबुक त्यांचं. आता तिनं हे "निवडलं" म्हणायचं का, तुम्हीच बघा. उलटं पण असतं, बोर्डवर "प्रोप्रा. सौ." अमुक आणि गल्ल्यावर कायम साहेब, सौ. फक्त चेकवर सही करायला. ती कागदावर उद्योजिका. दोन्हीकडं गणित चुकतंच.

आणखी एक प्रकार आहे जो ह्या पिशवीत कुठं घालायचा हेच कळत नाही. हुपरीत घराघरात चांदीच्या पैंजणाचं काम चालतं, बायका घरी बसून घुंगरू जोडतात. आपल्या कोल्हापुरी चपलेची वेणी घालायचं बारीक काम पण कितीतरी घरात बायकाच करतात. माल व्यापाऱ्याचा, डिझाइन व्यापाऱ्याचं, मजुरीचा रेट पण तोच ठरवणार. तिचं स्वतःचं काय, तर बसायची जागा, लाईट बिल आणि दुखणारी पाठ. कागदावर ती स्वतःसाठी काम करते, खरं बघितलं तर साहेब आहे, फक्त तो समोर दिसत नाही. जगभरातल्या कामगार आकडेवारीवाल्यांना पण हे उशिरा लक्षात आलं, २०१८ ला त्यांनी असल्या नावाला स्वतंत्र पण दुसऱ्यावर अवलंबून असणाऱ्या लोकांसाठी वेगळा वर्ग केला.

आता ह्या सगळ्या वजा केल्यावर ज्या राहतात, ज्यांनी खरंच ठरवून सुरू केलं, त्यांच्याकडं येऊ.

लोक म्हणतात चांगली नोकरी सोडून बाई असलं काय करत बसते. पण चांगली म्हणजे कसली नोकरी? कायद्यातल्या सवलती बघा. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण ती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. पाळणाघर सक्तीचं कधी, तर पन्नास माणसं असली तर. पीएफ लागू वीस माणसांपासून. लैंगिक त्रास झाला तर तक्रारीला ऑफिसातच समिती पाहिजे, २०१३ चा कायदा आहे, पण ती पण दहा माणसांपासून, त्याच्या खाली असेल तर जिल्ह्याच्या समितीकडं जायचं, आणि साडीच्या दुकानातली पोरगी कुठं जाणार आहे तिथं. आता महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत चालत या आणि मोजा, दहापेक्षा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं, दवाखाने, क्लास, ऑफिसं किती निघतात. बायकांना शहरात जिथं सहज काम मिळतं ती जागा बहुतेक पाच-सात माणसांची असते. म्हणजे नोकरीचे म्हणून जे फायदे सांगतात ते तिच्यापर्यंत कधी आलेलेच नसतात, मग ते सोडताना जीव कशाला तुटेल?

पैशाचं पण बघू. समजा एका दुकानात ११,००० पगार आहे. स्कूटीचं पेट्रोल १,२००, लहान पोर सांभाळायला २,५००, कपडे, वर्गणी, बाहेरचा चहा-वडा ८००. उरले ६,५००. नऊ तास दुकान, एक तास जाणं-येणं, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २६० तास. तासाला २५ रुपये हातात.

आता बावीस डबे. डबा ७० रुपयांनी, महिन्याचे ४०,०४०. किराणा, भाजी, गॅस, पॅकिंग धरून डब्याला ४८ खर्च म्हणजे २७,४५६. डबे पोचवणारा पोरगा ३,५००. राहिले साधारण नऊ हजार. दिवसाचे सहा तास धरले तर १५६ तास, तासाला ५८ रुपये. नोकरीपेक्षा दुपटीच्या वर! पण जरा दम धरा. डबे कॉलेजच्या पोरांचे आहेत. परीक्षा संपली, दिवाळीची सुट्टी लागली, मे महिना आला की पोरं गावाला आणि डबे बंद. वर्षात नऊ महिनेच धंदा होतो, मग बारा महिन्यांची सरासरी काढली की महिन्याला ६,७५० पडतात.

६,५०० आणि ६,७५०. घरी बसून मी हा हिशोब पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाच हसू आलं, कारण दोघी पैशात शेजारी-शेजारीच निघाल्या. फरक राहिला तो तासांत, आणि त्याहून जास्त म्हणजे ते तास दिवसात कुठं बसतात ह्यात. डबेवाली पोराला साडेअकराला शाळेतून आणायला मोकळी असते. दुकानवाली नसते. बस, ह्या एका गोष्टीवर कितीतरी नोकऱ्या सुटतात.

हे काय मी शोधलेलं नाही. क्लॉडिया गोल्डिन म्हणून हार्वर्डच्या प्राध्यापक आहेत, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, बायकांच्या कामाचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांनी खणून काढलाय, अमेरिकेचा. त्यांचं एक म्हणणं सोप्या भाषेत असं: काही नोकऱ्या हावऱ्या असतात. त्या तुमचं काम बघून पैसे देतात, पण कधीही बोलवलं तर हजर राहण्याबद्दल त्याहून जास्त देतात. रात्री थांबा, रविवारी या, अचानक टूरला जा. नवरा-बायको दोघं सारखेच शिकलेले असले तरी पोर झाल्यावर घरात एकानं तरी फोन उचलायला मोकळं राहावं लागतं, आणि तो एक म्हणजे बहुतेक बायकोच. मग तिचा पगार मागं पडत जातो. त्यात तिची अक्कल कमी पडलेली नसते, तिची वेळ अडकलेली असते. आमच्याकडच्या नोकरीत फरक एवढाच की हावरटपणा तेवढाच आणि जास्तीचे पैसे मात्र कुणी देत नाही.

माझंच सांगते. मी एका टॅक्सच्या ऑफिसात होते. जुलै आला की रात्रीचे नऊ-दहा व्हायचे, रिटर्नची तारीख कुणासाठी थांबत नाही. पोराला ताप होता, मी म्हणलं आज सहाला निघते, घरून करून देते. सर ओरडले वगैरे काही नाहीत, शांतपणे म्हणाले "बघा तुम्ही काय ते." ह्या तीन-चार शब्दांत किती काय असतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. नंतर मी तेच काम घरून करायला लागले, जुलैमध्ये अजून पण रात्रीचे दहा वाजतात, कधी बारा. पण मधे दोन तास उठून पोराजवळ बसायला मला कुणाला विचारावं लागत नाही. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "मी काय नोकरी सोडलो नाही गं, नोकरीनंच मला सोडलं." ते मला पण लागू होतं असं वाटतं.

आता ह्या घड्याळाची दुसरी बाजू. २०२४ च्या वेळेच्या सरकारी सर्व्हेत, टाइम यूज सर्व्हे म्हणतात त्याला, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं आलंय, आणि पुरुष ८८ मिनिटं. ती ८८ पण जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी, बाकीचे तर यादीतच नाहीत. बाई नोकरीला गेली की निदान घर मान्य करतं की ती दहा ते सात नाहीये. धंदा घरातून असला की ती "घरातच आहे". मग गॅसवाला आला तिनंच बघायचं, नणंद आली तिनंच चहा ठेवायचा, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तिनंच, "तुझं काय, तू नंतर पण करशील की." ज्या मोकळ्या वेळेसाठी तिनं हे सगळं केलं ती वेळ सगळ्या घराची होऊन बसते, आणि तिचं काम सरकतं पहाटे चारला नाहीतर रात्री अकराला. शिलाईकाम करणाऱ्या बायकांच्या मशीनचा आवाज आमच्या बोळात रात्रीच येतो.

आणि घरच्यांची परवानगी हा एक वेगळाच भाग आहे, त्याच्यावर कुणी उघड बोलत नाही. "आमच्यात सुना कामाला जात नाहीत" असं म्हणणाऱ्या घरात पुढच्या खोलीत पार्लर चालतं, खपतं. कारण बाहेर साहेब नाही, वेळेवर यायचं-जायचं नाही, आणि गल्लीत सांगता येतं की वेळ जातो म्हणून करते. तिला विचारलं तर ती पण म्हणेल मला आवड आहे. असेल की, पण चार दारांतली तीन बंद असताना उघड्या दारातून माणूस गेलं तर त्याला आवड किती म्हणायची?

सगळ्यात जास्त जीव माझा जातो तो रेट लावताना. एप्रिल-मे मध्ये चटणीचा सीझन, चटणी म्हणजे आमची कांदा-लसूण चटणी, वर्षाची करून ठेवतात, आणि आता ज्यांना वेळ नाही ते ऑर्डर देतात. एकजण वीस किलोची ऑर्डर घेऊन आल्या, मिरची, धणे, तीळ, खोबरं, कांडपाचे पैसे सगळं अगदी पै-पैचं लिहिलेलं, आणि वर किलोला ४० रुपये नफा. म्हणजे ८०० रुपये. तीन दिवस रोज आठ तास भाजणं, निवडणं, कांडपावर नंबर लावून उभं राहणं. २४ तासांचे ८००, तासाला ३३ रुपये, आणि देठ खुडायला बसलेली जाऊ आणि पोरगी फुकट धरल्या तर. मी म्हणलं तुमची मजुरी कुठाय? तर म्हणाल्या "माझी कसली मजुरी?" हा प्रश्न त्यांना खरंच पडला होता. वर्षानुवर्षं जे काम घरात फुकट केलं त्याला विकताना पण किंमत लावायला हात धजत नाही. गिऱ्हाईक पण तेच धरून चालतं, घरगुती म्हणजे स्वस्त. मसाल्याच्या कंपनीच्या पाकिटावर कुणी घासाघीस करतं का?

धोका पण एकटीचाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर सगळं पाण्यात होतं. त्या भागातल्या ओळखीच्या एकीचं ब्लाऊज शिवायचं दुकान बुडलं, दोन मशीनं तर गेलीच, पण गिऱ्हाइकांची कापडं गेली त्याचे पैसे तिनं पुढं वर्षभर थोडे थोडे फेडले. दुकानात नोकरीला असती तर पगार बुडला असता, कर्ज अंगावर आलं नसतं.

मग कर्जाकडं येऊ. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला आली, तारण लागत नाही, ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण नीट फेडलेल्यांसाठी २०२४ च्या बजेटपासून २० लाखांपर्यंत. बचत गटांना बँकेचं कर्ज द्यायची सुरुवात तर नाबार्डनं १९९२ ला केली. माझ्याकडं येणाऱ्या बायका बहुतेक शिशुवरच थांबतात. त्याच्यावर जायचं म्हणलं की नियमात तारण नसलं तरी, बँक तोंडावर कितीही गोड बोलू दे, मागते ते घराचे कागद नाहीतर सातबारा, आणि ते तिच्या नावावर नसतं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे. पण भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं की बहीण सही करते, माहेर तुटायला नको म्हणून. ती सही एका दिवसाची आणि त्याचा हिशोब वीस वर्षांनी बँकेत होतो.

धंदा छोटाच राहतो ह्याला लोक म्हणतात बायकांत धाडस कमी. मला पटत नाही. बावीसचे साठ डबे करायचे तर बाहेर गाळा पाहिजे, दोन बायका कामाला पाहिजेत, सकाळी पाचला शटर उघडायला पाहिजे, आणि मग साडेअकराला पोराला आणायला कोण जाणार? ज्या कारणासाठी धंदा काढला त्याच कारणानं तो वाढत नाही.

जाता जाता कामाचं सांगते, उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी साइटवर फुकट होतं, मी शंभर रुपये घेते ते माझ्या बसण्याचे, पण कुणी दोन हजार मागत असेल तर उठून या. आणि सरकारच्या अटल पेन्शन योजनेत चाळिशीच्या आत नाव घालता येतं, डबे करणाऱ्यांना म्हातारपणी कुणी पीएफ देणार नाही.

आणि त्या डबेवाल्या वहिनी. त्यांचा थोरला आता दहावीला गेलाय, धाकटी एकटी येते-जाते. फॉर्म भरायला आल्या होत्या तो कसला होता ते सांगायचं राहिलंच, त्यांना एका मोठ्या हॉस्टेलच्या किचनमध्ये नोकरी लागलीय, पीएफसकट, आणि पगाराचं खातं काढायचं होतं. मी म्हणलं अहो एवढं जमवलेलं सोडता? तर म्हणाल्या, "आता घड्याळ मोकळं झालंय माझं, आता पगार खातो." दोन बर्नरची मोठी शेगडी विकायला काढलीय त्यांनी, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.